अडलेल्या मॅक्रोंच्या मुळेकाकू

मुळेकाकूंनी दुसऱ्याच्या माऊसला कधी हात लावला नाही. कॉम्प्युटर नीट करायला येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती येतात, "सरका जरा" म्हणतात, आपल्याच खुर्चीत बसतात, खडाखडा काहीतरी टाइप करतात आणि "झालं" म्हणून निघून जातात. काय बिघडलं होतं ते आपल्याला कळत नाही. मुळेकाकू यायच्या त्या स्वतःची खुर्ची ओढत. आपल्या डाव्या हाताला बसायच्या, पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात, आणि म्हणायच्या, "हं, चालवा." आपण मॅक्रो चालवायचा. स्क्रीन पांढराफटक पडायचा, वाळूचं घड्याळ फिरायला लागायचं, आपल्याला घाम फुटायचा. काकू मात्र बघत राहायच्या. गॅसवर दूध ठेवलेली बाई जशी बघते, तशा.

मी वर्ध्याहून पुण्याला आलो तेव्हा शहरात आयटीचं वारं जोरात होतं. कर्वेनगरला ज्या फ्लॅटमध्ये मी कॉटबेसिसवर राहायचो, तिथली बाकीची मुलं गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून सकाळी बसने हिंजवडीला जायची. मी बी. कॉम. मला नोकरी मिळाली गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या अलीकडे, एका मालवाहतूक कंपनीत. हुद्दा ऐकायला भारी होता, एमआयएस एक्झिक्युटिव्ह. काम एवढंच की रोज सकाळी एक रिपोर्ट काढायचा. कोणाचा माल कुठल्या ट्रकमध्ये आहे, ट्रक कुठवर आला, कधी उतरणार. गावोगावच्या शाखा आपापली एक्सेलची फाइल ईमेलने पाठवायच्या. बिलिंगला बसणाऱ्या तीन मुली, सुनंदा, अर्चना आणि वैशाली, त्या सगळ्या फायली उघडून एका मोठ्या फाइलमध्ये चिकटवायच्या. मग माझा मॅक्रो. मॅक्रो म्हणजे एक्सेलला एकदा लिहून दिलेली कामं, हे उघड, ते उचल, तिथे ठेव, याच्याशी ताडून बघ. बटण दाबलं की ती कामं त्याने आपली आपण करायची.

तो करायचा, पण जेवायच्या सुट्टीपर्यंत करत राहायचा. तोवर यार्डातले व्यापारी फोनवर फोन करत. "आमची गाडी आली का?" आणि आम्ही सांगायचो, "रिपोर्ट चालू आहे." एकदा एका मिरचीच्या व्यापाऱ्याने ऐकवलं, "अहो, तुमच्या रिपोर्टपेक्षा गाडी लवकर येते." आमचे मॅनेजर खरेसाहेब माझ्याकडे बघायचे, मी कॉम्प्युटरकडे बघायचो. नवा कॉम्प्युटर द्या म्हणून मी साहेबांच्या मागे लागलो होतो. त्यांनी नवा कॉम्प्युटर न देता मुळेकाकूंना आणलं.

त्या आठवड्यातून तीन दिवस येणार होत्या. पन्नाशी ओलांडलेली, काठपदराच्या सुती साडीतली, ठेंगणी बाई. मला वाटलं, अकाउंट्समध्ये कोणी नवीन आलं. त्या खुर्ची ओढत माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अहो राऊत, काय होतंय?"

मी माझ्या वऱ्हाडी सवयीने म्हणालो, "काकू, काहीच होऊन नाही राहिलं."

"'होऊन नाही राहिलं' म्हणजे 'होत नाही' ना?"

"हो."

"मग तेवढंच म्हणा की. दोन शब्दांत भागतंय तिथे तीन कशाला? तुमचा मॅक्रोही असाच बोलत असणार."

मला राग आला. पण मॅक्रो उघडून दोघांनी वाचायला घेतला तेव्हा तो खरोखर तसाच बोलत होता. मी तो रेकॉर्ड करून बनवला होता, म्हणजे मी हाताने केलेली प्रत्येक हालचाल एक्सेलने जशीच्या तशी टिपून घेतलेली. एका सेलमध्ये एक शब्द लिहायचा, तर आधी तो त्या पानावर जायचा, मग त्या सेलवर जाऊन उभा राहायचा, मग तो निवडायचा, आणि मग लिहायचा. दर ओळीला हीच वारी. काकूंनी ते सगळं शांतपणे वाचून काढलं आणि म्हणाल्या, "गुणी आहे हो बिचारा. सांगाल ते करतोय. तो मंद नाही, आपण त्याला नको ती कामं लावून ठेवलीत."

हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याची गणती नाही. कोणाचाही मॅक्रो असो, कोणाचंही मशीन असो, त्या कधी त्याला नावं ठेवायच्या नाहीत. "हँग झाला" हा शब्द त्यांना आवडायचा नाही. "हँग कसला? काम करतोय तो. तुम्हाला दिसत नाहीये एवढंच."

त्यांचा इलाज नेहमी एका प्रश्नापासून सुरू व्हायचा, "कुठे दुखतंय?" मला खात्री होती की शेवटच्या बेरजांमध्ये वेळ जातो. काकू म्हणाल्या, "तुम्हाला वाटतं ते राहू दे. त्याला विचारू." मग त्यांनी मला मॅक्रोच्या प्रत्येक टप्प्यानंतर घड्याळाची वेळ लिहून ठेवणारी एकेक ओळ घालायला लावली. मॅक्रो चालवला, वेळा बघितल्या. बेरजा चुटकीसरशी होत होत्या. सगळा वेळ खात होतं ते ताडून बघणं, ज्याच्याकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. काकू पर्समधून खडीसाखरेची डबी काढून माझ्यापुढे धरत म्हणाल्या, "घ्या. सगळ्यांचं असंच होतं. मी पण आधी बेरजांनाच दोष दिला असता."

समजावून सांगायची त्यांची तऱ्हा सगळी घरातली नाहीतर बँकेतली. मॅक्रो चालताना स्क्रीनवर पानं भराभर उलटताना दिसायची, आकडे नाचायचे. मला ते बघायला आवडायचं, काहीतरी मोठं काम चाललंय असं वाटायचं. काकू म्हणाल्या, "नाटकाला जाता का कधी? प्रवेश बदलताना पडदा का पाडतात? टेबल-खुर्च्या हलवणारी माणसं लोकांसमोर मिरवायला लागली तर नाटक संपायचं कधी?" आणि स्क्रीन गोठवून ठेवणारी ओळ मला लिहायला लावली. दर बदलाला एक्सेल सगळं पान नव्याने मोजून काढायचं, त्यावर म्हणाल्या, "पोळ्या करताना दर पोळीला ओटा पुसते का कोणी? सगळ्या होऊ देत, मग एकदाच पुसायचा." आणि एकेक सेल वाचून एकेक सेल लिहायच्या माझ्या सवयीवर त्यांनी बँकेतलं सांगितलं, "प्रत्येक कागद वेगळा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये सहीला गेलात तर साहेबही वैतागेल आणि पायही दुखतील. गठ्ठा करा, एकदाच आत जा, सगळ्या सह्या घेऊन बाहेर या."

बँकेत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. मग शाखांमध्ये कॉम्प्युटर आले, काउंटर कमी झाले आणि बँकेने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. काकू "स्वेच्छा" हा शब्द उच्चारताना नेहमी एक क्षण थांबायच्या. "निरोप समारंभात मला चांदीचं निरांजन दिलं आणि सांगितलं, आता आराम करा. मी विचारलं, किती वर्षं?" नवरा आधीच गेलेला, मुलगी मृणाल लग्न होऊन अमेरिकेत. दोन महिने त्यांनी आराम करून बघितला. त्याही कर्वेनगरातच राहायच्या; एक दिवस उठून तिथल्याच एका कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. तिथली सगळी पोरं कॉलेजातली. शिकवणारा मुलगा म्हणाला, "आजी, तुम्ही पुढे बसा." काकू म्हणाल्या, "पुढे बसते, पण काकू म्हणा. आजी व्हायला आमच्या मुलीने मनावर घ्यायला हवं." सहा महिन्यांत तो मुलगा आपल्या अडलेल्या गोष्टी त्यांना विचारायला लागला. "ज्या मशीनने मला घरी पाठवलं," त्या म्हणायच्या, "ते आहे तरी कोण, ते बघून यावं म्हटलं. बघितलं. वाईट नाहीये हो. लोक त्याला वापरतात कसं, त्यावर आहे सगळं."

पुणेरी फटकळपणा त्यांच्यात होता, पण तो ओरखडे काढणारा नव्हता. खरेसाहेब जेवणाच्या वेळी केबिनमधून ओरडायचे, "काकू, झाला का मॅक्रो?" काकू डब्यातली भाजी वाढत म्हणायच्या, "तो चालू आहे. मी जेवते आहे. आपणही जेवा." साहेब मुकाट्याने डबा उघडायचे. आणि माझ्या वऱ्हाडी बोलण्याला एवढं हसणाऱ्या काकूंनाच वर्षभरात फोनवर कोणाला तरी सांगताना मी ऐकलं, "नाही हो, अजून होऊन नाही राहिलं." मी वळून बघितलं तर म्हणाल्या, "काय बघता? संगतीचा परिणाम."

आता ज्या गोष्टीसाठी मी त्यांना विसरू शकत नाही, ती सांगतो.

माझा मॅक्रो सुधारला होता तरी सगळा रिपोर्ट लवकर होत नव्हता. कारण त्याआधी तिन्ही मुलींना फायली उघडून, तपासून, चिकटवाव्या लागायच्या. साहेबांनी काकूंना सांगितलं की तेही काम मॅक्रोने व्हायला पाहिजे. काकू म्हणाल्या, होईल. साहेब खूश झाले. चहा घेता घेता सहज म्हणाले, "मग त्या तिघींची तशी गरज राहणार नाही. दिवाळीनंतर बघू." मी तिथेच होतो. काकूंनी कप बशीत ठेवला, पदर सारखा केला आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि खुर्ची ओढत बिलिंगच्या टेबलापाशी गेल्या. सुनंदाच्या डाव्या हाताला बसल्या. सुनंदा शहराबाहेरच्या मांजरी गावची, ऊस लावणाऱ्या घरातली, बारावी झालेली मुलगी. ऑफिसात जपून शहरी बोलायची, घाबरली की घरची बोली बाहेर पडायची. काकू म्हणाल्या, "हं, चालवा."

"काय चालवू, काकू? मला मॅक्रो न्हाई येत."

"तुम्ही रोज जे करता तेच करा. मी बघते."

दिवसभर त्या बघत राहिल्या. कुठल्या शाखेच्या फाइलमध्ये तारखा उलट्या असतात, कोण ट्रकचा नंबर मध्ये जागा सोडून लिहितं, हे सगळं सुनंदा हात चालवता चालवता सांगत होती. संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "राऊत, हा मॅक्रो मी लिहिणार नाही. तुम्हीही लिहू नका. या तिघी लिहितील."

"काकू, दिवाळीला दोन महिने राहिलेत."

"म्हणून तर उद्यापासून सुरू करू."

काकू तीन दिवसांऐवजी रोज यायला लागल्या आणि दुपारी टेबलाभोवती चार खुर्च्या लागायला लागल्या; साहेबांना वाटलं, काकू मुलींकडून माहिती काढून घेताहेत. अर्चनाला गोडी लागली, वैशालीला कंटाळा यायचा, पण ती टिकली. सुनंदा मात्र पेटली. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून ती बसमध्ये बसून आज शिकलेलं तोंडाने म्हणत मांजरीला जायची. काकूंनी कधी तिच्या माऊसला हात लावला नाही. ती चुकली की नुसतं म्हणायच्या, "बरं. आता त्याला विचारा, काय झालं."

सहा-सात आठवड्यांत मॅक्रोचा पहिला अवतार तयार झाला. सकाळचा चहा यायच्या आत रिपोर्ट हातात. सुनंदाने त्यात काकूंनी सांगितलेली ओटा पुसायची युक्ती वापरली होती, म्हणजे काम सुरू करताना मोजणी थांबवायची आणि शेवटी पुन्हा चालू करायची. थांबवायची ओळ तिने लिहिली. चालू करायची राहिली. आदल्या दिवशी पान तयार करताना सगळं नीट मोजलं गेलं होतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या सकाळी आजच्या गाड्यांसमोर कालची उत्तरं दिसत होती, आणि पान इतकं छान, इतकं लवकर तयार झालं होतं की शंका घ्यायचं कोणाच्या मनात आलं नाही.

यार्डातल्या बटाट्याच्या एका मोठ्या अडत्याचा फोन आला. "गाडी आली का?" सुनंदाने पान बघून उत्साहाने सांगितलं, "आली, शेठ! गोदामावर लागली आहे." शेठने हमाल पाठवले, पुढचं गिऱ्हाईक बोलावून ठेवलं. गोदामावर गाडी नव्हती. ती तेव्हा नगरच्याही पलीकडे होती. तासाभरात शेठचा फोन थेट खरेसाहेबांना. आम्हाला केबिनच्या काचेतून साहेबांचा चेहरा दिसत होता.

साहेब बाहेर आले ते सरळ बिलिंगच्या टेबलाकडे. "कोणी सांगितलं गाडी आली म्हणून?"

सुनंदा उभी राहिली. "सायेब, पानावर तसंच व्हतं..."

काकू मध्ये आल्या. "मॅक्रोत मोजणी चालू करायची ओळ राहिली. तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं नाही. चूक माझी आहे."

"तुमची कशी? मी काम तुम्हाला दिलं होतं! यांना कशाला हात लावू दिलात?"

"तेही सांगते. आधी शेठकडे जाऊन येते."

आणि त्या खरंच निघाल्या. सुनंदाला म्हणाल्या, "चला." सुनंदा रडत होती, तिला तोंड धुवायला लावलं आणि दोघी रिक्षाने यार्डात गेल्या. तिथे काय झालं ते सुनंदाने मला पुढे अनेकदा सांगितलं. गाळ्यासमोर हमाल रिकामे बसलेले, शेठ गादीवर, फोनवर कोणावर तरी ओरडत. काकू चपला काढून आत गेल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "गाडी आली असं आम्ही सांगितलं. ती आली नव्हती. चूक आमची आहे, गाडीची नाही, ड्रायव्हरची नाही. ती संध्याकाळी लागेल. मी स्वतः ड्रायव्हरशी फोनवर बोलले आहे."

शेठने फोन ठेवला. थोडा वेळ या ठेंगण्या बाईकडे बघितलं. "मॅडम, माझं सगळं आयुष्य ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडण्यात गेलं. 'चूक आमची' हे आज पहिल्यांदा ऐकतोय." मग हमालांना ओरडून सांगितलं, "जा रे, संध्याकाळी या," आणि दोघींना चहा मागवला.

आम्हाला सगळ्यांना वाटायचं, काकूंना भीती माहीत नाही. परतीच्या रिक्षात सुनंदाने बघितलं, तर त्या डबीतून खडीसाखरेचे खडे एकामागून एक तोंडात टाकत होत्या. तिने विचारलं, "काकू, बरं वाटत नाही का?" त्या म्हणाल्या, "घाबरले होते गं. बँकेत एवढी वर्षं काढली, पण कोणा साहेबासमोर असं तोंड उघडलं नव्हतं. आणि अजून एक साहेब बाकी आहे."

तो साहेब केबिनमध्ये वाट बघत होता. दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. काकू बसल्या नाहीत.

"खरेसाहेब, हे काम मी एकटीने पंधरा दिवसांत केलं असतं. मग दिवाळीनंतर या तिघी घरी बसल्या असत्या."

"मी असं कधी म्हटलं?"

"चहा घेताना म्हणालात."

साहेब टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"मशीन आलं म्हणून घरी बसलेली बाई मी आहे. मला तेव्हा कोणी विचारलं नाही, तुम्ही शिकाल का. आराम करा म्हणाले. मी या तिघींना विचारलं. त्या हो म्हणाल्या. आज एक ओळ राहिली, उद्या राहणार नाही. शाखांचा कोण काय घोळ घालतं ते यांना माहीत आहे, मला नाही. हा मॅक्रो पुन्हा अडेल, तेव्हा मी नसेन, या असतील. त्यांना काढायचं तर काढा, तुमचं ऑफिस आहे. पण मग उद्यापासून मलाही बोलावू नका."

मग साहेबांचा आवाज आला, तो निराळाच. "शेठ फार बोलला का हो तुम्हाला?"

"चहा पाजला."

"मला कधी नाही पाजला त्याने," खरेसाहेब म्हणाले.

तिघींना कोणी काढलं नाही. साहेब काही मोठ्या मनाने विरघळले असं मी म्हणणार नाही. सकाळीच नेमकी उत्तरं मिळायला लागल्यावर व्यापाऱ्यांचे फोन वाढले, नवी गिऱ्हाइकं आली, आणि ती सांभाळायला माणसं लागलीच. दुसऱ्या दोन शाखांनी आमचा मॅक्रो मागितला. तो शिकवायला साहेबांनी सुनंदालाच पाठवलं. जाताना तिने काकूंना वाकून नमस्कार केला. काकू म्हणाल्या, "नमस्कार राहू दे. तिकडे कोणाच्या माऊसला हात लावू नका."

पुढे चार-पाच वर्षांनी कंपनीने मोठं सॉफ्टवेअर विकत घेतलं. सगळं एका जागी आलं, एक्सेलच्या फायली बंद झाल्या. काकूंचं काम संपलं. निरोपाच्या दिवशी खरेसाहेब बोलायला उभे राहिले आणि दोनच वाक्यांत खाली बसले. काकू उत्तरादाखल म्हणाल्या, "मशीनने मला दुसऱ्यांदा घरी पाठवलं. पण या वेळी ओळखीच्याने पाठवलं, त्यामुळे वाईट वाटत नाहीये." आम्ही हसलो. तोवर सुनंदाला खराडीच्या एका आयटी कंपनीत नोकरी लागली होती. गळ्यात ओळखपत्र अडकवून ती काकूंच्या सोसायटीच्या फाटकात त्यांना दाखवायला आली, तेव्हा काकूंनी ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाल्या, "फोटो चांगला नाही आलाय. बाकी झकास."

मीही नोकरी बदलली. पण कर्वेनगर सोडलं नाही, त्यामुळे रविवारी सकाळी काकूंकडे जाणं चालू राहिलं. त्या उपमा करायच्या आणि मी आठवड्याची अडचण सांगायचो. मॅक्रोची कमी, माणसांची जास्त. माझ्या हाताखालचा एक मुलगा फार संथ आहे अशी तक्रार मी एकदा केली. काकूंनी विचारलं, "तो काम करताना शेजारी बसलात कधी?" मी म्हटलं, "काकू, तेवढा वेळ कुठे असतो?" त्यांनी माझ्या बशीत आणखी उपमा वाढला आणि विषय बदलला. सोमवारी मी खुर्ची ओढत त्या मुलाकडे गेलो. त्याच्याकडे तीन वेगवेगळ्या साहेबांनी एकच माहिती तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मागितली होती, आणि तो बिचारा तिघांना वेगवेगळी करून देत होता. आज तो मुलगा माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर आहे. मला अजून खुर्ची ओढत जावं लागतं, पण आता लाज वाटत नाही.

मग मृणालला मुलगा झाला आणि काकू अमेरिकेला जायला निघाल्या. सहा महिन्यांसाठी, असं ठरलं होतं. मुंबईला विमानतळावर नेणारी गाडी पहाटे येणार होती. सुनंदाचं लग्न होऊन सासरही मांजरीतच होतं; ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर अंधारातच आली होती, तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन. सामान गाडीत चढवून झालं. काकूंनी दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "झाडांना एक दिवसाआड पाणी. जास्त घालू नका, प्रेमाने मरतात ती." सुनंदाच्या गालाला हात लावला. मग गाडीत बसल्या. गाडी सोसायटीच्या वळणावरून गेली तरी आम्ही तिथेच उभे होतो.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. तब्येतीच्या कुरबुरी सुरू झाल्या, डॉक्टरांनी एवढा प्रवास नको म्हटलं. फोनवर बोलायच्या. नातवाला मराठी शिकवतेय म्हणायच्या. आणि एका सकाळी मृणालचा फोन आला, की आई रात्री झोपेतच गेली.

मी ऑफिसात होतो. बाहेर जिन्यात येऊन सुनंदाला फोन लावला. मृणालचा निरोप सांगितला. मग ती म्हणाली, "दादा, जेवलात का?" मी म्हटलं, नाही. "मग घरी या. मी पण निघते."

मांजरीला पोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती. त्यांच्या घराच्या एका बाजूला ऊस अजून उभा होता, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती. सुनंदा स्वयंपाकघरात परातीत पीठ मळत होती. मला बघून तिने मान खाली घातली. तिच्या सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना काहीच कळेना.

"कोन गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"काकू."

"कंची काकू? तुला कुठं हाय काकू? तुझा बाप तर एकला."

"होत्या," सुनंदा म्हणाली. "सख्ख्या."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आता मंग सुतक म्हनायचं का काय? लगीन झाल्याल्या लेकीला चुलतीचं कसलं सुतक?"

"मला आहे," सुनंदा म्हणाली.

सासूबाईंनी लसूण बाजूला ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, सुनंदाजवळ गेल्या आणि तिच्या पुढ्यातली परात आपल्याकडे ओढून घेतली.

"व्हय बाजूला," त्या म्हणाल्या. "भाकरी मी करते. तू बस जा त्या दादापाशी."